थॅलियम टेस्ट, बाबांची गोळी आणि एक कप करक

घरी कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर ‘थॅलियम टेस्ट’ हा शब्द तुम्ही नक्की ऐकला असेल. गंमत म्हणजे आता त्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा थॅलियम नसतंच. थॅलियम-201 वापरात आलं ते 1970 च्या दशकात. हृदयाचे स्नायू त्याला पोटॅशियमसारखं आत ओढून घेतात, त्यामुळे रक्त कुठे पोचतं आणि कुठे नाही ते कॅमेऱ्यात दिसतं. 1990 नंतर टेक्नेशियमवर आधारलेली द्रव्यं आली. त्यांची किरणोत्सारिता सहा तासांत निम्मी होते, थॅलियमला तीन दिवस लागतात. औषध बदललं, पण आपल्याकडे नाव तेच राहिलं.

माझे वडील महिनाभरासाठी दुबईला आले होते आणि मेट्रोचा जिना चढताना त्यांच्या छातीत दडपल्यासारखं व्हायला लागलं. पण वर्षभरापूर्वीचा, भारतात केलेला रिपोर्ट तर ‘नॉर्मल’ होता! आम्ही सगळे त्या एका शब्दावर निश्चिंत होतो. इथल्या डॉक्टरांनी शब्द सोडून आकडे वाचले. ट्रेडमिलवर ठोके 104 च्या पुढे गेलेच नव्हते. साधा हिशोब असा, की 220 मधून वय वजा करायचं आणि उरलेल्याच्या 85 टक्के गाठायचे. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला ते साधारण 129 होतात. बाबांनी त्या सकाळी नेहमीची मेटोप्रोलॉल घेतली होती.

हे बीटा ब्लॉकर जातीचं औषध. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी हृदयाला जादा रक्त पुरवण्याऐवजी हृदयाची मागणीच कमी करायचं ठरवलं. त्यातून 1960 च्या दशकात प्रोप्रानोलॉल आलं आणि 1988 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. औषध उत्तमच. पण टेस्टला नेमकं तेच नको असतं. हृदयावर ताण आलाच नाही, तर अरुंद झालेली रक्तवाहिनीही वेळ निभावून नेते आणि फोटो स्वच्छ येतो.

मग गोळी आपणच बंद करायची? अजिबात नाही. 1970 च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, की प्रोप्रानोलॉल एकदम थांबवलं तर काही रुग्णांची छातीतली कळ उसळून परत येते, क्वचित हार्ट अटॅकही येतो. म्हणून ‘आजार आहे का’ हे शोधायचं असेल तर डॉक्टर बहुधा एक-दोन दिवस आधी ती थांबवायला सांगतात. आजार माहीत असून उपचार पुरेसा आहे का हे बघायचं असेल, तर चालूच ठेवतात. आमच्या घरी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही, आणि मी संशोधक म्हणवतो!

या वेळी गुडघ्यांमुळे ट्रेडमिल नको, इंजेक्शन देऊन टेस्ट करायची ठरली. त्या पद्धतीचा जन्म एका फसलेल्या औषधातून झाला. डायपिरिडॅमोल 1960 च्या आसपास अंजायनावर उपाय म्हणून आलं होतं. ते रक्तवाहिन्या रुंद करतं खरं, पण निरोगी वाहिन्याच जास्त रुंदावतात आणि आजारी भागाच्या वाट्याचं रक्त पळवतात. उपचार म्हणून निरुपयोगी, पण फरक दाखवायला उत्तम! 1978 मध्ये अमेरिकेतल्या लान्स गोल्ड यांनी त्यावर ताणचाचणी उभी केली. हे औषध शरीरातलं ॲडिनोसिन वाढवतं. पुढे ॲडिनोसिनच थेट द्यायला लागले.

आणि ॲडिनोसिनचा रस्ता अडवतं कोण? कॅफिन. बाबांना ‘उपाशीपोटी या’ सांगितलं होतं, पण चहा म्हणजे काही खाणं नव्हे, या मराठी नियमानुसार ते खालच्या कॅफेटेरियात एक करक पिऊन आले. टेस्ट रद्द, पुढची तारीख. अरबी गहवा, कोला, अगदी डिकॅफ कॉफीसुद्धा आदल्या दिवसापासून बंद.

कॅफिनचाच सख्खा भाऊ थिओफिलिन. आल्ब्रेख्त कोसेल यांनी तो 1888 मध्ये चहाच्या पानांतूनच वेगळा केला. दम्यासाठी आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या डेरिफायलिनमध्ये तो असतो. बाबांच्या पिशवीत ती पट्टी निघाली. ‘ही तर हृदयाची गोळी नाही’ म्हणून त्यांनी ती यादीत सांगितलीच नव्हती. इथल्या नर्सला ब्रँडचं नाव अनोळखी होतं. शेवटी पट्टीमागची बारीक अक्षरं मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचून दाखवली, तेव्हा तिने दुसरी तारीखही खोडली.

तिसऱ्या खेपेला टेस्ट झाली. हृदयाच्या पुढच्या भागात रक्त कमी पोचत होतं.