गोणपाटाचे गोत्र

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातील योरुबा मुलखात, इबादान, ओयो, अबेओकुटा या शहरांच्या आसमंतात, कोनफळाच्या जातीच्या कंदांच्या पिठापासून केलेल्या आमाला नावाच्या काळपट, कढत उकडीबरोबर जी हिरवी, तार धरणारी पालेभाजी वाढली जाते, तिला एवेडू म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरात तिची नोंद ‘कॉर्कोरस ऑलिटोरियस’ या नावाने आहे. आणि बंगालच्या ज्या तोसा तागापासून आपल्या धान्याची व साखरेची पोती विणली जातात, त्याचीही नोंद अक्षरशः त्याच नावाने आहे. ज्याची साल आपण हमालाच्या पाठीवर लादतो, त्याचाच पाला इबादानचा गृहस्थ मिटक्या मारीत खातो, हा दाखला हाती लागल्यापासून या कुळाची वंशावळ लावण्याचा नाद मला लागला आहे.

प्रथम पानाचा विचार करू, कारण माझ्या मते हक्काने पहिला मान त्याचाच. एवेडूची पाने देठापासून खुडून थोड्या पाण्यात शिजत घालतात, ती लवकर गळावीत म्हणून चिमूटभर कौन, म्हणजे खाणीतून निघणारा खार, टाकतात आणि मग ‘इजाबे’ नावाच्या, काड्या मुठीएवढ्या बांधून केलेल्या आखूड केरसुणीने पातेल्यातच इतकी घोटतात, की अखंड पान औषधालाही उरत नाही. आंबवलेल्या बियांचा उग्र वासाचा इरू त्यात पडतो. शेजारी सोललेल्या चवळीचे ग्बेगिरी आणि लाल मिरचीचे कालवण आले, की त्या संगमाला अबुला म्हणतात.

या पानांचा बुळबुळीतपणा नवख्या माणसाला किळस आणतो खरा, पण गुण त्यातच आहे. तो पाण्यात विरघळणारा तंतू असून पोटातील अन्नाची चाल मंदावतो, त्यामुळे पिठाची साखर रक्तात एकदम न उतरता सावकाश उतरते आणि कोठाही साफ राहतो. पानांत बीटा-कॅरोटीन, फोलेट, लोह व कॅल्शियम यांचा साठा आहे. पैकी कॅरोटीन स्निग्ध पदार्थावाचून अंगी लागत नाही, आणि ती उणीव कालवणातले तांबडे पामतेल भरून काढते. वनस्पतीतील लोह शरीर मोठ्या नाखुशीने स्वीकारते, तेथे कालवणातली मासळी उपयोगी पडते. कौन मात्र हात राखूनच घालावा, कारण खाराने क जीवनसत्त्वाचा नाश होतो. आणखी एक सावधगिरी निसर्गानेच सांगून ठेवली आहे: पाने पथ्यकर असली, तरी बियांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात आणि त्या खाल्ल्याने गुरे दगावतात.

तागाच्या व्यापाराची हकिगत सर्वविदित आहे, ती एका दमात सांगतो: १७९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी या तंतूची ‘जूट’ या नावाने नोंद केली, १८३० नंतरच्या काही वर्षांत स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्यांनी व्हेलच्या तेलाने तो मऊ करून यंत्रावर चढवला, १८५५ साली हुगळीकाठच्या रिशडा येथे हिंदुस्थानातली पहिली तागगिरणी निघाली आणि १९४७ च्या फाळणीत गिरण्या एका देशात व शेते दुसऱ्या देशात गेली.

खरा तंटा आहे तो मूळ ठिकाणाचा. तागाच्या दोन जाती. गोल बोंडांची ‘कॅप्सुलॅरिस’ ही पूर्वेकडची, याविषयी फारशी हरकत कोणी घेत नाही. लांब बोंडांची ‘ऑलिटोरियस’ मात्र आफ्रिकेची की हिंदुस्थानची, यावर पंडितांचे पक्ष पडले आहेत. कॉर्कोरसच्या रानटी जाती आफ्रिकेत सर्वाधिक आढळतात, म्हणून माहेर आफ्रिकेत आणि दुसरे केंद्र हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या बाजूला, असे मत वनस्पतिशास्त्रज्ञ बी. सी. कुंडू यांनी १९५१ साली मांडले, आणि मी त्याच पक्षाचा. हिंदुस्थानचा पक्ष घेणारे हडप्पाचे प्रमाण पुढे करतात, कारण तेथील एका मृण्मय वस्तूला चिकटलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कापडाच्या अवशेषांत तागाचा तंतू ओळखल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. प्रमाण भक्कम आहे, परंतु तो तंतू कॅप्सुलॅरिसचा ठरवला गेला आहे. भाऊबंदाचा दाखला दाखवून आपली मिरासदारी सिद्ध होत नाही.

मिरास कोणाचीही ठरो, पाला आधी आणि पोते मागाहून, असे माझे म्हणणे आहे. पश्चिमेकडे पाहावे, तर जो तो पुरावा पानाचा. रोमन ग्रंथकार प्लिनी ‘कॉर्कोरम’ ही अलेक्झांड्रियाच्या लोकांच्या खाण्यातली वनस्पती असल्याचे सांगतो. इजिप्तचा फातिमी खलिफा अल-हाकिम याने मुलुखिया, म्हणजे हीच भाजी, खाण्यास मनाई करणारे फर्मान काढले होते. आता पूर्वेला वळू. चौदाव्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या ‘प्राकृतपैंगल’ या छंदोग्रंथात केळीच्या पानावर गरम भात, तूप, मासळी आणि नालिताची भाजी वाढणारी कांता ज्याला लाभली तो पुण्यवान, अशा आशयाचे पद्य आहे, आणि नालिता म्हणजे तागाचाच पाला. आपल्याकडील निघंटूंच्या शाकवर्गातला चञ्चु आणि मराठीतली चुंच हीही याच कुळातली. ती नेमकी कोणती जात यावर वैद्यांत एकमत नसले, तरी ती भाजी होती यावर आहे.

आता तंतूची नावे पाहा. ‘जूट’ हे ओडिया-बंगाली ‘झोटो’वरून आले, ते जटेपासून की जटाजूटातल्या जूटापासून, हा वाद कोशकार घालोत, केसांच्या पेडाचा अर्थ दोन्हीकडे आहेच. ‘गोणपाट’ शब्दातली गोण संस्कृत गोणीची, जी इंग्रजांनी ‘गनी’ करून नेली. त्यातला ‘पाट’ म्हणजे बंगाली पाट, अर्थात ताग, असे म्हणण्याचा मोह मलाही होतो. पण तो संस्कृत पट्ट, म्हणजे वस्त्र, हाच असावा, आणि बंगाली पाटही त्याचाच वंशज. ही कबुली माझ्या पक्षाला बाधक न होता साधकच होते, कारण तंतूची नावे केसांवरून आणि कापडावरून उसनी आणलेली, तर नालिता, एवेडू ही नावे पाल्याचीच.

हे रोप आफ्रिकेहून इकडे आले कसे? माझे अनुमान असे, की ज्या वाटेने ज्वारी, बाजरी, नाचणी आणि ग्बेगिरीतली ती चवळी आफ्रिकेतून आपल्याकडे उतरली, त्याच वाटेने, कदाचित त्याच धान्यात मिसळून, हे बारीक बी तण म्हणून आले, भाजी म्हणून राहिले आणि गंगेच्या मुखाशी, जेथे खोडे कुजवण्याजोगे साचलेले पाणी अमाप होते, तेथे सूत म्हणून थोरपणाला चढले. पाला चाळीसएक दिवसांत खुडता येतो, तंतूला चार महिने आणि वर कुजवण्या-धुण्याची यातायात. पहिल्या पावसात कणगी तळाला गेलेल्या घराने यांपैकी आधी कशाकडे हात घातला असेल, हे मुद्दाम सांगण्याची गरज नाही.

दोन्ही प्रदेशांत हा पाला स्वतंत्रपणे चुलीवर चढला असेल, अशी प्रतिपक्षाची शेवटची हरकत आहे. चढला असेल, पण त्यानेही पाला आधी आणि पोते मागाहून, हा माझा मूळ मुद्दा ढळत नाही, कारण बंगालचा शेतकरी ऑलिटोरियसला मिठा पाट आणि कॅप्सुलॅरिसला तिता पाट म्हणतो, आणि सूत विकण्यासाठी लावलेल्या पिकाची प्रतवारी कुळवाड्याने जिभेने का करावी, याचे उत्तर प्रतिपक्षाने अद्याप दिलेले नाही.