तेहतीस वर्षांची फेरी

दिवाळीच्या कृत्यांत धर्मशास्त्राने ‘उल्कादान’ म्हणून एक कृत्य सांगितले आहे. तिन्हीसांजेला पेटती चूड हाती धरून पितरांना वाट दाखवायची. उल्का म्हणजे मुळात चूडच. आभाळातून सरकन जाणाऱ्या उजेडाच्या रेघेलाही आपल्याकडे तेच नाव पडले. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त म्हटले की, स्वर्गात पुण्य भोगून झालेले जीव खाली येतात, त्यांचे ते रूप. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने ठरवून टाकले होते की, जमिनीतून उठलेली कोरडी वाफ उंच हवेत पेट घेते. आपली कल्पना जास्त गोड, पण दोन्ही चुकीच्याच! मात्र ॲरिस्टॉटलचे म्हणणे दोन हजार वर्षे टिकले.

ते मोडले अमेरिकेत, १८३३ सालच्या १२ नोव्हेंबरच्या रात्री. पहाटेच्या सुमारास तिथे हिम भुरभुरावे तशा उल्का पडू लागल्या. प्रलय आला म्हणून माणसे रस्त्यावर येऊन प्रार्थना करू लागली. पुढे गुलामांच्या मुक्तीसाठी झगडलेला फ्रेडरिक डग्लस तेव्हा स्वतः गुलाम होता. त्यानेही हे दृश्य पाहून आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. लाकोटा लोक वर्षामागे एक चित्र काढून आपला इतिहास राखीत. त्यांच्या चित्रांतही ते वर्ष ताऱ्यांचेच आहे.

न्यू हेवन गावी डेनिसन ओल्मस्टेड नावाचे प्राध्यापक राहत. शेजाऱ्यांनी त्यांना झोपेतून उठवले. त्यांनी पाहिले ते असे: उल्का चहूकडे धावत असल्या तरी त्यांच्या रेघा मागे ओढत नेल्या की सगळ्या सिंह राशीतल्या एका ठिकाणी मिळतात. आगगाडीचे समांतर रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात ना, तसेच हे. मग त्यांनी वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन केले, ज्याने जे पाहिले असेल ते कळवावे. दूरदूरहून पत्रे आली. रात्र सरत गेली तशी सिंह रास वर चढली आणि ती जागाही तिच्याबरोबर वर चढली, हे त्यांना पक्के कळून चुकले. उल्का आपल्या हवेतल्या असत्या, तर ती जागा पृथ्वीबरोबर फिरून आपल्या डोक्यावर जिथल्या तिथेच राहिली असती. म्हणजे हा पाहुणा बाहेरचा. जागे राहिलेल्या साध्या माणसांच्या पत्रांनी ॲरिस्टॉटलचा पराभव केला, याची मला मोठी मौज वाटते.

पुढे ह्यूबर्ट न्यूटन यांनी इ. स. ९०२ पासूनच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या. १७९९ साली हुम्बोल्टने व्हेनेझुएलात असाच वर्षाव पाहिला होता. या सगळ्यांतून सुमारे तेहतीस वर्षांचा फेरा निघाला आणि १८६६ साली तो खरा ठरला! त्याच सुमारास टेंपल आणि टटल यांना एक धूमकेतू सापडला होता. त्याचीही सूर्याभोवतीची फेरी तेहतीस वर्षांचीच. धूमकेतूचा मार्ग आणि उल्कांचा मार्ग एकच, हे इटलीच्या स्कियापारेल्लीसारख्या ज्योतिर्विदांनी दाखवले. सूर्याजवळ आला की धूमकेतूचे बर्फ एकदम वाफ होऊन उडते आणि बरोबर धूळ सोडते. ती धूळ त्याच वाटेने फिरत राहते. दर नोव्हेंबरात पृथ्वी त्या वाटेला छेदते. समोरासमोर टक्कर, सेकंदाला ७१ किलोमीटर वेग! वाळूच्या कणाएवढा कण, तो शंभरेक किलोमीटर उंचीवर झळकून नाहीसा होतो. झाडणारा सूर्य, आणि त्या केरातून जाणारी पृथ्वी, असा हा संसार आहे.

१८९९ साली वर्तमानपत्रांनी गाजावाजा केला. लोक रात्र रात्र जागले आणि काहीच झाले नाही. गुरू आणि शनी यांनी तो प्रवाह ओढून बाजूला नेल्याचे स्टोनी आणि डाऊनिंग यांनी आधीच गणित करून सांगितले होते. पण ऐकतो कोण? ज्योतिर्विदांची पत गेली. वर्गात प्रयोग फसला की मुले नेमका तोच लक्षात ठेवतात, हे मी रोज पाहतो. १९३२ सालीही निराशाच. लोकांनी नाद सोडला, तो १९६६ च्या १७ नोव्हेंबरला पश्चिम अमेरिकेत आभाळ कोसळले. काहींनी सेकंदाला चाळीस उल्का असा अंदाज केला.

गंमत पुढेच आहे. धूमकेतू प्रत्येक फेरीला वेगळा धुळीचा पट्टा सोडतो, हे धरून ॲशर आणि मॅक्नॉट यांनी १९९९ च्या वर्षावाची वेळ काही मिनिटांच्या अंतराने अचूक सांगितली. आणि तो पट्टा कधीचा? १८९९ सालच्या फेरीचा! १९६६ चा वर्षावही त्याच फेरीतल्या धुळीचा. ज्या साली जग फसले, त्याच साली दोन पिढ्यांची दिवाळी पेरली जात होती.

ती १८ नोव्हेंबरची पहाट मी घराच्या गच्चीवर घोंगडी पांघरून काढली. ऐन भराची वेळ आपल्या घड्याळाने सकाळी साडेसातनंतरची. तोवर सूर्य वर. सोहळा पाहिला तो अरबस्तानाने आणि युरोपने. मी खाली आलो तेव्हा आजी चुलीपाशी होती.

“किती मोजल्यास रे?”

“अकरा.”

“बाकीच्या?”

“उजाडलं, आजी.”

तिने चहाचा पेला पुढे सरकवला. धूमकेतू पुन्हा सूर्याजवळ येईल तो २०३१ साली.