पाण्याला विरजण लागतं

या मालिकेत आपण एरवी राजे, तह आणि लढाया यांच्याबद्दल बोलतो. आजची सुरुवात मात्र बेंगळुरूच्या आमच्या घरातल्या एका काचेच्या टाकीपासून करते. त्या टाकीत मोदक राहतो. मोदक हा माझ्या मुलीचा अ‍ॅक्सोलॉटल. पांढरट गुलाबी अंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि कायम हसल्यासारखं तोंड. तो मासा नाही, सॅलॅमँडर आहे. बेडकाच्या पिल्लाला पुढे पाय फुटतात, कल्ले जातात आणि ते पाण्याबाहेर येतं. अ‍ॅक्सोलॉटल मात्र सहसा आयुष्यभर कल्ल्यांसकट पाण्यातच राहतो आणि तशाच रूपात अंडी घालतो.

मोदकला आणला तेव्हा दुकानदार म्हणाला, "पाणी भरा, दोन दिवस फिल्टर चालवा आणि सोडा." आम्ही तसंच केलं. नवव्या दिवशी त्याने खाणं सोडलं, शेपटीचं टोक वळलं, कल्ले फिके पडले. पाणी तर आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. चाचणीचा संच आणून थेंब टाकले, तर अमोनिया दोन पीपीएम! मुलीने विचारलं, "आई, पाणी स्वच्छ आहे ना? मग मोदक आजारी का पडला?"

या प्रश्नाचं उत्तर मिळायला माणसाला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. आणि गंमत म्हणजे या गोष्टीची सुरुवात बापाने केली आणि तिचा मोठा भाग लेकाने पुढे नेला. दोघांचं नावही एकच, रॉबर्ट वॉरिंग्टन.

थोरले वॉरिंग्टन लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. औषध बनवणाऱ्यांची जी जुनी संस्था होती, तिच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये ते काम करायचे. १८४९ साली त्यांनी काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि लांब पट्ट्यांसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. त्यांचा हिशेब सरळ होता. मासे श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देईल, आणि मग पाणी बदलायची गरजच उरणार नाही.

काही दिवस सगळं ठीक चाललं. मग पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टननी विचार केला, तळ्यात हे कुजकं कोण खातं? त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, पाणी निवळलं, मासे जगले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि लवकरच इंग्रजांच्या दिवाणखान्यात काचेच्या टाक्या दिसू लागल्या.

आजच्या भाषेत सांगायचं, तर थोरल्या वॉरिंग्टननी मासे आत असतानाच टाकी 'सायकल' केली होती. पण त्यांच्या हिशेबात तीनच भागीदार होते: मासा, वनस्पती आणि गोगलगाय. चौथा भागीदार डोळ्यांना दिसत नव्हता.

आता जरा पॅरिसला जाऊ. मोदकचे पूर्वज काचेमागे आले ते तिथेच. मेक्सिकोत फ्रेंच फौजा लढत होत्या, त्याच काळात, १८६४ मध्ये, मेक्सिकोहून ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला पोचले. त्यांतले सहा नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात ऑग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे गेले. पाच नर आणि एक मादी. पुढच्याच वर्षी तिने अंडी घातली. आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये आणि घरांमध्ये जे अ‍ॅक्सोलॉटल आहेत, त्यांच्या वंशाचा बराच भाग या पॅरिसच्या घराण्यापर्यंत जातो.

गंमत बघा. अ‍ॅक्सोलॉटल युरोपात पोचला, तिथे वाढला, तेव्हा टाकीतलं पाणी नेमकं कशामुळे विषारी होतं आणि कशामुळे सुधारतं, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. १८६७ मध्ये थोरले वॉरिंग्टन वारले, तेही ते न कळताच.

उत्तराचा पहिला धागा सापडला सांडपाण्यात. १८७७ मध्ये थिओफील श्लेसिंग आणि अशील म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि तिच्यातून सांडपाणी हळूहळू झिरपू दिलं. सुरुवातीचे वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया आत जायचा आणि अमोनियाच बाहेर यायचा. मग अचानक नायट्रेट दिसू लागलं आणि वाढत वाढत सगळा अमोनिया नाहीसा झाला. हे निव्वळ रसायन असतं, तर पहिल्याच दिवशी घडलं असतं. वीस दिवस थांबावं लागलं, म्हणजे आत काहीतरी जिवंत वाढत होतं. खात्रीसाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम ठप्प! मग मातीचं थोडं पाणी ओतलं, आणि काही दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. आपल्या भाषेत, विरजण लावलं.

ही बातमी इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पोचली. तिथे काम करत होते धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन. बापाने मासे पाळले, लेक शेतातली माती तपासत होता, पण कोडं एकच होतं. त्यांनी फ्रेंच प्रयोग पडताळून पाहिला आणि मग वर्षानुवर्षं त्याचा पिच्छा पुरवला. त्यांच्या लक्षात आलं की हे काम दोन टप्प्यांत होतं. अमोनियाचं आधी नायट्राइट होतं आणि नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही टप्प्यांचे कामगार वेगळे आहेत, हेही त्यांनी दाखवलं. ते सूक्ष्मजीव वेगळे करून वाढवणं मात्र त्यांना साधलं नाही. ते १८९० च्या सुमारास झुरिचमध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी केलं. अन्नाचा रस घातलेल्या नेहमीच्या जिलेटिनवर हे जीव वाढतच नव्हते, कारण त्यांना तसलं अन्न नकोच असतं. ते अमोनियावर जगतात.

म्हणजे वॉरिंग्टन घराण्याच्या टाकीतला चौथा भागीदार अखेर सापडला, बापाच्या प्रयोगानंतर चाळीस वर्षांनी. आणि मत्स्यालयांनी पुढेही धक्के दिलेच. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवणारे मुख्य जीव आपण समजत होतो ते नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पिरा नावाचे आहेत, हे १९९८ मध्ये समोर आलं. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारे नायट्रोस्पिरा सापडले.

आता मोदककडे परत येऊ, कारण खरा पेच इथे आहे. हे जीवाणू वाढायला अमोनिया लागतो, आणि अमोनिया म्हणजे मोदकचं विष. टाकी रिकामी असेल, तर बाहेरून अमोनिया घालून निवांत थांबता येतं. प्राणी आत असेल, तर थांबण्याची किंमत तो मोजतो. त्यात अ‍ॅक्सोलॉटलला सोळा ते अठरा अंशांचं गार पाणी लागतं आणि गारव्यात जीवाणू सावकाश वाढतात.

आम्ही रोज सकाळी चाचणी करायचो. अमोनिया आणि नायट्राइट मिळून पाव पीपीएमच्या वर गेले, की क्लोरीन काढलेलं, तितकंच गार पाणी घेऊन अर्धी टाकी बदलायची. जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजला आणि काचेला चिकटून राहतात, त्यामुळे पाणी बदलल्याने ते वाहून जात नाहीत. दोन आठवड्यांनी नायट्राइट दिसलं. मला वाटलं, जिंकलो! आणि त्याच उत्साहात मी फिल्टरचा मळलेला स्पंज नळाखाली खळखळून धुतला. नळाच्या पाण्यात क्लोरीन. श्लेसिंगने जे क्लोरोफॉर्मने मुद्दाम केलं, ते मी निष्काळजीपणाने केलं. दुसऱ्याच दिवशी अमोनिया पुन्हा वर.

मोदकला डब्यात हलवलं. रोज ताजं गार पाणी, रोज सगळं बदलायचं. मग एका ओळखीच्यांकडे कित्येक वर्षं चाललेली, निरोगी माशांची टाकी होती, त्यांच्याकडून फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणला. ओलाच, पिशवीत घालून. दह्याला विरजण मागतात, अगदी तसा. टाकीत अमोनियाचे थेंब मोजून घातले. तीन आठवड्यांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस. त्या संध्याकाळी मोदक टाकीत परतला आणि दुसऱ्या दिवशी त्याने गांडूळ गिळलं. मुलगी रडली. मीही.

त्याच्या मूळ घरी, मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचीमिल्कोच्या कालव्यांत, हेच काम गाळ, मुळं आणि पाणवनस्पती करत आल्या. तिथले शेतकरी तळाचा गाळ उपसून त्याची शेतं बांधत. आता त्याच कालव्यांत शहराचं सांडपाणी येतं आणि माणसाने सोडलेले कार्प आणि तिलापिया अंडी-पिल्लं खातात. १९९८ च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये ३६. काचेमागे लाखोंनी आणि घरी जेमतेम मूठभर, अशी या प्राण्याची आजची अवस्था आहे.

म्हणून घरी कुणी अ‍ॅक्सोलॉटल आणायचं म्हणत असेल, तर आधी सरकारी नोंदणीचे नियम बघा, मग टाकी भरा, विरजण लावा आणि दीड-दोन महिने रिकाम्या पाण्याकडे बघत बसा. प्राणी त्यानंतर.

आणि जाता जाता एक. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या याच जीवाणूंच्या मेहनतीवर बिहारमधले नोनिया लोक गोठ्याजवळच्या, जुन्या भिंतींच्या मातीतून सोरा काढत होते. तोच सोरा पाटण्याहून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांत जाऊन युरोपच्या तोफांची दारू व्हायचा. ती गोष्ट पुढच्या भागात. तोवर, रजा घेते.