दोन जॅकेटांची तुलना आणि संशोधनातली तीन प्रश्नचिन्हं

मागच्या महिन्यात वटारला घरी गेलो होतो. चुलतभावाने नवी बुलेट घेतलीय आणि आता त्याला चामडी जॅकेट हवंय. मोबाइलवर दोन जॅकेटांचे फोटो दाखवून म्हणाला, "तू इतिहासवाला ना, सांग बरं, कुठलं भारी?" मी सुरुवातीला हसण्यावारी नेलं. पण रात्री विचार करताना लक्षात आलं की माझ्या पीएचडीत मी गेली तीन वर्षं ज्या प्रश्नाशी झटतोय, तोच प्रश्न त्याने विचारला होता : दोन गोष्टींची तुलना करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहीत असतील. त्यात 'तुलनात्मक अभ्यास' हे शब्द असतातच. म्हणून आज जॅकेटच्याच उदाहरणाने बोलूया. तीन निकष घेऊ : फिटिंग, वजन आणि किंमत.

आधी फिटिंग. मोटारसायकलच्या चामडी जॅकेटचा आज जो साचा आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो न्यूयॉर्कच्या शॉट ब्रदर्स या कंपनीचा. 1913 साली सुरू झालेल्या या कंपनीने 1928 मध्ये 'परफेक्टो' नावाचं जॅकेट काढलं. नाव आलं आयर्व्हिंग शॉट यांच्या आवडत्या सिगारवरून. त्याची चेन मधोमध सरळ नसून तिरकी आहे. याचं कारण गाडीवर वाकल्यावर कळतं. एक पल्ला दुसऱ्यावर चढतो, त्यामुळे वारा आत शिरत नाही आणि चेन छातीत रुतत नाही. कमरेशी जॅकेट आखूड, म्हणजे बसल्यावर पोटाशी गोळा होत नाही. बाह्या मात्र लांब, कारण हात पुढे ताणले की त्या वर सरकतात. म्हणून दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून फिटिंग बघणारा माणूस हमखास फसतो. जॅकेट बसलेल्या माणसासाठी कापलेलं असतं.

संशोधकासाठी यात धडा असा की वस्तू ज्या कामासाठी बनली, त्या कामात ठेवूनच तिच्याकडे बघायचं. 1953 च्या 'द वाइल्ड वन' चित्रपटात मार्लन ब्रँडोने असं जॅकेट घातलं आणि पुढे ते बंडखोरीचं प्रतीक झालं. तो अर्थ खरा आहे, पण नंतरचा आहे. तिरकी चेन बंडखोरीसाठी लावलेली नव्हती. नंतरचा अर्थ आधीच्या काळावर लादणं ही चूक शोधनिबंधांत वारंवार दिसते.

आता वजन. पाश्चात्त्य बाजारात चामड्याची जाडी औंसात सांगतात. एक चौरस फूट चामडं एक औंस भरलं, तर त्याची जाडी साधारण 0.4 मिलिमीटर. म्हणजे 1.2 मिलिमीटर जाडीचं चामडं चौरस फुटाला तीन औंस, जवळपास 85 ग्रॅम. जॅकेटला 28 चौरस फूट लागले असं धरलं, तर नुसत्या चामड्याचं वजन 2 किलो 380 ग्रॅम. हेच चामडं 0.8 मिलिमीटर असेल तर 1 किलो 600 ग्रॅमच्या आसपास. अस्तर, चेन, कोपराचे पॅड वेगळे. पातळ जॅकेट अंगावर मऊ वाटतं, पण रस्त्यावर घसरल्यावर सगळं इतर सारखं असेल तर जाड चामडं जास्त वेळ टिकतं.

मग जाड ते चांगलं? न्यूयॉर्कच्या थंडीत असेल. वटारच्या मे महिन्यात, अर्नाळ्याच्या खाऱ्या वाऱ्यात, अडीच किलोचं जॅकेट माणूस आठवडाभरात खुंटीला टांगतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. खुंटीवरचं जॅकेट कुणाचंही रक्षण करत नाही. 85 ग्रॅम हा आकडा कुठेही तोच राहतो. त्याचा अर्थ मात्र जागेप्रमाणे बदलतो.

तिसरा निकष किंमत, आणि इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं. पहिलं परफेक्टो साडेपाच डॉलरला विकलं गेलं, असं कंपनी सांगते. पहिली नोंद करा : हा आकडा विकणाऱ्याने स्वतःच्या कहाणीत दिलेला आहे. खोटा आहे असं नाही, पण आकडा कोण सांगतंय हे लिहायचं. आज त्याच नावाचं जॅकेट हजार डॉलरच्या आसपास जातं. महागलं किती?

फोर्ड कारखान्यात 1920 च्या दशकात कामगाराला दिवसाला सहा डॉलर मिळत. म्हणजे जॅकेट एका दिवसाच्या आत. आज अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन तासाला 7.25 डॉलर, म्हणजे सुमारे 138 तास, सतराहून जास्त दिवस. वा, मस्त निष्कर्ष! पण चूक. फोर्डचा पगार त्या काळी चढा होता, किमान वेतन हा तळ आहे. शिखर आणि तळ जोडून फरक फुगवला. तळाला तळ लावायचा तर 1938 चं पहिलं केंद्रीय किमान वेतन घ्या, तासाला 25 सेंट. त्या हिशोबाने 22 तास. किंमत आणि वेतन यांच्यात दहा वर्षांचं अंतर आहे, ते मान्य करून लिहायचं. तरीही ही तुलना पहिलीपेक्षा प्रामाणिक आहे.

आणि एक प्रश्न या तिन्ही निकषांत बसतच नाही. चामडं आलं कुठून? आपल्याकडे कातडी कमावण्याचं काम ढोर समाजाच्या, वस्तू शिवण्याचं चांभार समाजाच्या वाट्याला आलं आणि मेलेली जनावरं ओढण्याचं काम महारांवर लादलं गेलं. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस खाणं सोडण्याचं आवाहन केलं. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये परफेक्टो आलं. या दोन घटनांचा थेट संबंध नाही, आणि मी तो जोडणारही नाही. पण एकाच दशकात चामडं कुणाच्या अंगावर ऐट होती आणि कुणाच्या माथी कलंक, हे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय 'मूल्य' हा शब्द पूर्ण होत नाही. आजही धारावीत जॅकेट शिवणाऱ्याचं नाव लेबलवर नसतं. विकणाऱ्याचं असतं. आपली बहुतेक साधनंही अशीच लेबलं आहेत.

भावाला मी शेवटी एवढंच सांगितलं : दुकानात गाडीवर बसल्यासारखा वाक, मग हात ताण, चामड्याची जाडी विचार आणि मे महिन्यात घालशील का ते स्वतःला विचार. तो म्हणाला, "म्हणजे उत्तर नाहीच दिलंस." खरंय. पण आता त्याला काय विचारायचं ते कळलंय. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'तुलना' हा शब्द जिथे आलाय, तिथे आज तीन ओळी वाढवा : कशाच्या संदर्भात, कुणाच्या मापाने, आणि या मापातून कोण सुटलं.