रिकाम्या पुंगळीचा इतिहास

लढायांच्या वर्णनांत सेनापतींची नावे येतात, तोफांचा आणि घोडदळाचा उल्लेख येतो. पण गोळी सुटल्यावर जमिनीवर पडणाऱ्या रिकाम्या पुंगळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. गोळी गेली की पुंगळीचे काम संपले, असाच सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिची खरी परीक्षा त्यानंतरच्या क्षणी असते, आणि त्या परीक्षेत ती अपुरी ठरली म्हणून माणसे प्राणांस मुकली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काडतूस कागदाचे असे. १८५७ साली हिंदुस्थानात ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती एन्फिल्ड बंदुकीची काडतुसे कागदाचीच होती. ती दातांनी फाडायची, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. त्यात मागे उरण्यासारखे आणि बाहेर ओढण्यासारखे काही नव्हते. परंतु बंदूक मागील बाजूने भरण्याची युक्ती निघाली तेव्हा एक नवीनच अडचण उभी राहिली. मागच्या सांध्यातून तप्त वायू निसटून सैनिकाच्या तोंडावर येई. धातूच्या पुंगळीने ही अडचण दूर केली.

चाप ओढताच दारू सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात जळते. त्या वायूचे तपमान २,००० अंश सेंटिग्रेडच्या वर जाते, आणि आजच्या रायफलीत त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३,००० किलोग्रॅमहून अधिक असतो. या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगून कोठीच्या पोलादाला घट्ट चिकटते व वायूला मागे येण्यास फट उरत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब ओसरतो, आणि पितळ किंचित आक्रसून पोलादापासून सुटे होते. मग बुडाच्या कडेला अडकलेली आकडी तिला मागे ओढून बाहेर फेकते. क्षणभर घट्ट धरायचे आणि लगेच सोडून द्यायचे, हे पुंगळीचे सारे कर्तृत्व होय.

हा गुण प्रत्येक धातूत नसतो. ठोकलेले पितळ ताठर होते व तापवले की मऊ पडते, हे पुण्याच्या तांबट आळीतील कोणताही कारागीर सांगेल. मऊ धातू फुगतो, पण मूळ आकारावर येत नाही. म्हणून ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त यांचे पितळ घेऊन पुंगळीचे बूड ताठर व तोंड नरम ठेवतात.

पुंगळी तापते तेही उगीच नव्हे. दारूच्या शक्तीपैकी सुमारे एक तृतीयांशच गोळीच्या वाट्याला येते; उरलेली वायूत, नळीत आणि पुंगळीत उष्णतेच्या रूपाने जाते. ज्वाळा आणि कोठी यांच्यामध्ये पुंगळी उभी असते, आणि आपल्या अंगावर घेतलेली धग ती बरोबर घेऊन बाहेर पडते. जर्मनीत १९७० नंतर पुंगळीविरहित काडतुसांची जी-११ ही रायफल तयार होऊ लागली, तेव्हा तापलेल्या कोठीत काडतुसे आपोआप पेटू लागली, आणि त्यासाठी वेगळी दारू शोधावी लागली. हातावर पडून चटका देणारी पुंगळी बंदुकीवर किती उपकार करीत होती, हे तेव्हा ध्यानात आले.

२५ जून १८७६ रोजी अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टरच्या हाताखालील पाच तुकड्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी समूळ नष्ट केल्या. त्या सैनिकांच्या पुंगळ्या मऊ तांब्याच्या होत्या. कातडी पट्ट्यात राहून त्यांवर हिरवट कळंक चढे आणि तापलेल्या कोठीत त्या चिकटून बसत. पराभवाचे सारे खापर पुष्कळांनी या पुंगळ्यांवर फोडले. परंतु १९८४-८५ साली रणभूमीचे उत्खनन झाले, तेव्हा उचकटल्याच्या खुणा फार थोड्या पुंगळ्यांवर आढळल्या. दोष खरा होता; पराभवाचे ते एकमेव कारण मात्र नव्हते.

सुदानमध्ये मात्र दोषाची किंमत उघड दिसली. खार्टूममध्ये अडकलेल्या गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेल्या सुमारे १,४०० इंग्रज सैनिकांवर १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्लिया येथे महदीचे अनुयायी तुटून पडले. मार्टिनी-हेन्री रायफलीची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे व तिला लोखंडी बूड जोडलेले असे. रेती, काजळी आणि उष्णता यांमुळे ती आत अडकू लागली. आकडीने ओढावे तर बूड उखडून हाती येई आणि पत्र्याची नळी आतच राही. चौकोनी व्यूह काही काळ फुटला. कर्नल बर्नबी आणि सत्तरहून अधिक सैनिक ठार झाले. महदीच्या बाजूचे हजारांहून अधिक पडले. सलग पितळाची पुंगळी बनविण्याची विद्या तेव्हा अज्ञात नव्हती. अमेरिकन कारखाने तशा पुंगळ्या विकीत होते. इंग्रज सैन्याच्या रायफलींना मात्र त्या या लढाईनंतर मिळाल्या.

एवढा धडा पुरेसा ठरावयास हवा होता. तथापि ८० वर्षांनी व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक एम-१६ रायफलीच्या नळीत पुढून गज घालून अडकलेली पुंगळी मागे ढकलीत होते. दारूचा प्रकार बदलला होता, कोठीला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता, आणि साफसफाईची साधनेही अनेकांना मिळाली नव्हती. १९६७ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीने चौकशी करून या कारभारावर कडक ताशेरे ओढले, आणि त्याच सुमारास कोठीला क्रोमचा मुलामा देण्यात येऊ लागला.

पत्र्याची जाडी, दारूचा प्रकार, मुलाम्याचा खर्च हे सारे निर्णय रणांगणापासून फार दूर, कचेरीच्या मेजावर झाले होते. कागदावर ते क्षुल्लकच दिसले असतील. परंतु शत्रू वीस पावलांवर आला असता आकडी ओढूनही पुंगळी सुटत नाही, त्या क्षणी सैनिकाजवळ शौर्य कितीही असले तरी त्याच्या हाती उरते ती केवळ संगीन लावलेली काठी.