दगड सोडून दाखवा

आपल्या तुकडीतले बरेच जण पुढे शिक्षक झाले. मेळाव्याच्या तयारीसाठी जमलो की त्यांची एकच तक्रार कानावर येई : वर्गात प्रोजेक्टर आला, चित्रफिती आल्या, तरी मुलांचं लक्ष लागत नाही. त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी खडू-फळ्यावर आपल्याला शिकवलं त्या गुरुजनांसाठी, ही दोनशे वर्षांपूर्वीची हकिकत.

१८१२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची रसायनशास्त्रावर व्याख्यानं चालू होती. सज्जात, घड्याळाच्या वरच्या जागेवर, वीस वर्षांचा मायकेल फॅरडे बसलेला असे. लोहाराचा मुलगा, शाळा लिहिण्या-वाचण्यापुरतीच झालेली, पोटासाठी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. व्याख्यानांची तिकिटंही दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेली. चार व्याख्यानांची टिपणं त्याने आकृत्यांसह नीट उतरवली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींना पाठवली. मार्च १८१३ मध्ये तो त्याच संस्थेत प्रयोगशाळेतला मदतनीस झाला.

त्याच वर्षी बेंजामिन ॲबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने एक वेगळाच विषय घेतला : चांगलं व्याख्यान कशाने होतं? तो वक्त्यांबरोबर श्रोत्यांकडेही पाहत होता. सभागृहात हवा खेळती हवी. टेबलावरची उपकरणं सगळ्यांना दिसावीत, पण त्यांनी वक्ता झाकला जाऊ नये. बोलणं सावकाश असावं, श्रोत्यांकडे शक्यतो पाठ करू नये, आणि एक तास पुरे. पुढे त्याने वक्तृत्वाचे धडे घेतले. शिक्षकाला पैसे देऊन आपल्या व्याख्यानांना बसवलं आणि स्वतःचे दोष काढून घेतले. ज्याला आपण उपजत देणगी समजतो, ती त्याने अशी कमावली होती.

मुलांसाठी नाताळची व्याख्यानं या संस्थेत १८२५ पासून सुरू झाली. त्यांतल्या एकूण १९ मालिका फॅरडेने दिल्या. शेवटची, १८६०-६१ ची, सहा व्याख्यानांची मालिका फक्त मेणबत्तीवर होती. काचेच्या वाकड्या नळीचं एक टोक ज्योतीच्या काळसर भागात धरायचं. दुसऱ्या टोकातून मेणाची वाफ येते आणि तिथेही ती पेटते. मेणबत्ती फुंकून लगेच तिच्या धुराजवळ जळती काडी नेली, की ज्योत उडी मारून वातीवर परत येते. ज्योतीवर थंड भांडं धरलं, की त्यावर पाण्याचे थेंब जमतात. ही उत्तरं मुलं डोळ्यांनी पाहत आणि शेवटी मेणबत्तीचं जळणं आपल्या श्वासाशी जोडून घेत.

तरी प्रयोगांचा देखावा हे त्याचं गुपित नव्हतं. एका तरुण व्याख्यात्याला त्याने सांगितलं होतं की हात उघडला तर दगड खाली पडेल, एवढं म्हणायचं असलं तरी मी हात उघडून तो पाडून दाखवतो. समोरच्याला काही ठाऊक आहेच, असं धरून चालू नये. कानाशी बोलताना डोळ्यालाही सांगावं. मला वाटतं, हे त्याला सज्जातल्या जागेने शिकवलं. आपल्यासारखा शाळा न झालेला कुणीतरी तिथे बसलेला असेल, हे तो कधी विसरला नसावा.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी बशीत पाणी घेऊन मेणबत्तीवर पेला पालथा घातला होता, आठवतं? पाणी पेल्यात चढलं आणि शेवटच्या बाकावरचे सगळे उभे राहिले. त्यातला एक दहावीनंतर शिकू शकला नाही. मेळाव्याचं आमंत्रण द्यायला त्याच्या गॅरेजवर गेलो, तर त्याने पहिली आठवण काढली ती त्या पेल्याची.

शिक्षक मित्रांनो, स्लाइड जरूर दाखवा. पण ती कुणासाठी लावली आहे, हे आधी मागच्या बाकाकडे पाहून ठरवा.