तुटीचा हिशेब

रेडिओ आणि दूरध्वनी यांच्या इतिहासात क्षीण संदेश बलवान करणाऱ्या यंत्रांचे कौतुक पुष्कळ होते. परंतु बलवान संदेश हेतुपुरस्सर क्षीण करणारे जे साधन या सर्व यंत्रांच्या मोजमापाचा आधार होऊन बसले आहे, त्या अटेन्युएटरची कहाणी सहसा कोणी सांगत नाही. धातूची एक आखूड नळी, आत रोधकांची जुळणी, बाहेर कोरलेला 10, 20 किंवा 30 असा आकडा, एवढाच त्याचा संसार. एका टोकाने आत आलेल्या शक्तीचा ठराविक अंश तो दुसऱ्या टोकाने बाहेर सोडतो आणि बाकीची शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकतो. पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत चालत असता सराफ प्रत्येक नाण्यावरचा बट्टा मुक्रर करीत, आणि बट्टा ठाऊक असल्यामुळे हलक्या नाण्यातही व्यवहार उरकत; अटेन्युएटरचेही तसेच आहे. त्याची घट नेमकी ठाऊक असली, म्हणजे ती हिशेबात परत जमा करता येते. ठाऊक नसली, तर पुढचे सर्व आकडे संशयास्पद ठरतात. ही घट ठरविण्याचे काम प्रथम मनुष्याच्या कानाकडे, मग गणिताकडे, मग भूमितीकडे आणि अखेरीस यंत्राच्या स्मृतीकडे सोपविले गेले. आणि प्रत्येक हस्तांतरात चूक नाहीशी न होता तिने केवळ आपला मुक्काम हलविला.

आरंभ झाला तो अमेरिकेतील बेल दूरध्वनी व्यवस्थेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तेथे घट मोजण्याचे परिमाण होते ‘प्रमाण केबलचा एक मैल’. दुहेरी तारेच्या प्रत्येक मैलास 88 ओहम रोध आणि 0.054 मायक्रोफॅरड धारिता, अशी या केबलची व्याख्या होती. परीक्षेची रीत अशी की, एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे, तपासावयाची तार आणि कृत्रिम केबलची पेटी यांवरून आवाज आलटूनपालटून पाठवावा, आणि दोन्हीकडून तो सारखाच मोठा भासेपर्यंत पेटीतील मैल कमीअधिक करावेत. पद्धत सोयीची खरी, कारण एका मैलाची घट ही कानाला जेमतेम जाणवणाऱ्या फरकाइतकीच होती. परंतु तिच्यात एक मूळचाच दोष होता. केबल उंच स्वर अधिक गिळते आणि खालचे स्वर कमी, त्यामुळे एका मैलाची घट प्रत्येक स्वराला वेगळी पडे. 25 जानेवारी 1915 रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी दूरध्वनीची तार निर्वात नळ्यांच्या विवर्धकांच्या साहाय्याने सुरू झाल्यावर, वाटेतील तूट आणि वाटेतील भर यांचा एकत्र ताळेबंद मांडणे अपरिहार्य झाले, आणि जो मैल स्वतःच स्थिर नाही त्याच्या आधारावर तो मांडता येईना.

म्हणून 1924 साली मैल मोडीत निघून त्याच्या जागी ‘ट्रान्समिशन युनिट’ आले: दोन शक्तींच्या गुणोत्तराचा दहा आधाराचा लॉगरिदम घ्यावा आणि त्यास दहाने गुणावे. जुन्या लोकांच्या सवयी मोडू नयेत एवढी दक्षता घेतलेली होती, कारण जुना मैल आणि नवे परिमाण जवळजवळ सारखेच भरत. 1928 साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या स्मरणार्थ या परिमाणाचे डेसिबेल असे नामकरण झाले. लॉगरिदममुळे गुणाकाराची बेरीज झाली: 10 डेसिबेल म्हणजे दहावा हिस्सा, 20 म्हणजे शंभरावा, 30 म्हणजे हजारावा, आणि शेकडो मैलांच्या मार्गावरील साऱ्या तुटी व भरी एका रकान्यात लिहून त्यांची बाकी काढणे कारकुनालाही शक्य झाले.

तथापि परिमाण ठरणे निराळे आणि त्याचा विश्वासार्ह नमुना हाती असणे निराळे. दुसऱ्या महायुद्धात रडारमुळे तरंगांची लांबी सेंटिमीटरपर्यंत खाली आली, तेव्हा रोधकांची साधी जुळणी पुरेना. या पेचातून जी वाट निघाली ती भूमितीची. एखाद्या तरंगाला शिरून पुढे जाणे अशक्य व्हावे इतक्या अरुंद गोल नळीत तो सोडला, तर त्याचे बल अंतराबरोबर नियमाने ढासळत जाते. तरंगाची मांडणी योग्य निवडली, तर नळीच्या त्रिज्येएवढे अंतर वाढताच जवळजवळ 16 डेसिबेलची घट होते. मग घट मोजणे म्हणजे लांबी मोजणे झाले, आणि लांबी मोजण्याची विद्या तर फार जुनी व फार पक्की. दट्ट्याप्रमाणे सरकणारा हा अटेन्युएटर प्रयोगशाळांत प्रमाण म्हणून रुजू झाला. त्याच्या वापराची युक्तीही नमूद करण्याजोगी आहे: तपासावयाचा अटेन्युएटर मार्गात घातला की दर्शकाचा काटा खाली येतो, मग प्रमाण अटेन्युएटर तितकाच मागे घेऊन काटा पूर्वस्थळी आणावयाचा, आणि प्रमाणावर जितका फरक पडला तितकी तपासलेल्याची घट. काटा दोन्ही वेळी एकाच जागी असल्याने त्याच्या मोजपट्टीतील खोट निकालात उतरत नाही.

युद्धकाळातच रडारच्या स्पंदांची परीक्षा करण्यासाठी वर्णपट पडद्यावर उमटविणारी यंत्रे तयार झाली. परंतु या यंत्राला, म्हणजेच स्पेक्ट्रम अॅनलायझरला, सर्वसाधारण मोजमापयंत्राची प्रतिष्ठा मिळाली ती पुढे. 1964 साली ह्यूलेट-पॅकार्डने आणलेल्या 8551 या यंत्रात 10 मेगाहर्ट्झपासून 10 गिगाहर्ट्झपर्यंतचा पल्ला होता. अशा यंत्राच्या दाराशीच एक अटेन्युएटर बसविलेला असतो, कारण त्यामागचा मिक्सर, म्हणजे आलेल्या संदेशाची फ्रिक्वेन्सी बदलणारा भाग, फार सुकुमार. त्यावर बोजा पडला की जे तरंग बाहेर नाहीतच ते तो स्वतः निर्माण करून पडद्यावर दाखवितो. ते ओळखण्याची कसोटी जुन्याजाणत्यांना तोंडपाठ असते: आतला अटेन्युएटर 10 डेसिबेलने वाढवावा. यंत्र आपल्या तुटीची भरपाई आपणच करीत असल्यामुळे खरा संदेश जागचा हलत नाही आणि तळाचा खरखराट 10 डेसिबेलने वर येतो. मिक्सरने रचलेला तिसऱ्या कोटीचा तोतया मात्र 20 डेसिबेलने खाली कोसळतो.

बाहेरून जोडलेल्या अटेन्युएटरची भरपाई करणे मात्र माणसाच्या माथी राहते. 100 वॅटचा प्रेषक तपासावयाचा आहे असे समजा. तो थेट जोडला, तर यंत्राचे प्रवेशद्वार जळेल. म्हणून मध्ये 30 डेसिबेलचा दणकट अटेन्युएटर हवा, जो 99.9 वॅट उष्णता म्हणून सोसतो आणि दशांश वॅट पुढे धाडतो. पडद्यावरील आकड्यात 30 मिळवावेत, हे कोणीही सांगेल. परंतु कोरलेला आकडा 30 असला, तरी त्या फ्रिक्वेन्सीवर खरी घट 29.7 असेल, तर केवळ 0.3 डेसिबेलच्या या फरकाने 100 वॅटचे जवळजवळ 107 वॅट दिसतील. म्हणून जाणता मनुष्य प्रथम कमी शक्तीचे जनित्र थेट जोडून वाचन टिपतो, मग केबल व जोडण्या त्याच ठेवून मध्ये अटेन्युएटर घालतो, आणि दोन वाचनांतील फरक त्या फ्रिक्वेन्सीपुढे लिहून ठेवतो. तोच त्याचा खरा बट्टा. मार्गातील परावर्तनांनी वाचन डळमळू नये म्हणून तपासणीच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी 10 डेसिबेलचा एकेक पॅड, म्हणजे छोटा अटेन्युएटर, ठेवण्याचीही वहिवाट आहे. पुढे यंत्रात मायक्रोप्रोसेसर आला, ही दुरुस्ती त्याच्या स्मृतीत भरून ठेवता येऊ लागली, आणि पडद्यावर थेट प्रेषकाची शक्ती दिसू लागली.

महाराष्ट्राचा या विद्येशी संबंध सूर्याच्या निमित्ताने आला. 1965 साली कल्याण येथे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 32 लहान अन्वस्त तबकड्यांची रांग उभारून 610 मेगाहर्ट्झवर सूर्याचा वेध घेतला. पुढे त्याच परंपरेतून नारायणगावाजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महादुर्बीण उभी राहिली. अत्यंत मंद आकाशस्थ उगमांसाठी बांधलेल्या या दुर्बिणीपुढे सूर्य म्हणजे अतिरेक; म्हणून तिच्या ग्राहकांत सूर्यासाठी खास अटेन्युएटर ठेवलेले आहेत. मग ज्या मंद उगमावर दुर्बीण पारखावयाची आणि ज्या सूर्याचे मापन करावयाचे, त्या दोहोंच्या वाचनांत या मुद्दाम घातलेल्या घटीचाच भेद उरतो, आणि तो प्रत्येक तबकडीसाठी निराळा काढल्यावाचून सूर्याच्या तेजाचा आकडा उभा राहत नाही.

दुरुस्ती यंत्राच्या स्मृतीत भरून ठेवण्याच्या सोयीबरोबर चुकीचे नवे ठिकाणही ठरले. भरलेली दुरुस्ती यंत्र निमूटपणे मिळवीत राहते. अटेन्युएटर काढून घेतला तरी मिळविते, तो तापून बिघडला तरी मिळविते, आणि कालच्या कामाचा आकडा आजच्या कामालाही लावते. कानाच्या काळी परीक्षक आपल्या कानावर संशय घेत असे, म्हणून दुसऱ्याचा कान मागवीत असे. आजच्या पडद्यावरील दोन दशांश स्थळांवर संशय घेण्याचे काही दिसत नाही, म्हणून तेथेच तो अधिक घ्यावा लागतो. यासाठी चांगल्या प्रयोगशाळेत प्रत्येक अटेन्युएटरच्या तपासणीची तारीख आणि फ्रिक्वेन्सीवार घट नोंदवहीत चढलेली असते, आणि काम सुरू करण्यापूर्वी ज्ञात बळाचा संदेश त्याच मार्गाने पाठवून ती नोंद पुन्हा पडताळून पाहतात.